सूचना-फाइल वाढत गेली, तरी कोडिंग सहाय्यक तिच्याप्रमाणे का वागत नाही?

प्रश्न

आमच्या टीमच्या रेपॉझिटरीत (प्रकल्पाचा सगळा कोड ठेवलेल्या जागेत) एआय कोडिंग सहाय्यकासाठी एक सूचना-फाइल आहे. सुरुवातीला तिच्यात प्रकल्प चालू करण्याची आणि टेस्ट चालवण्याची कमांड एवढेच होते. पुढे ज्याला जे सुचले ते त्याने तिच्यात जोडले आणि आता ती काहीशे ओळींची झाली आहे. प्रकल्पाचा इतिहास, फोल्डरांची संपूर्ण यादी, व्हेरिएबलना नावे कशी द्यावीत याचे नियम, कमिट संदेशांचे (कोडमधला बदल नोंदवताना लिहायच्या ओळींचे) नमुने, डेटाबेसविषयीच्या सूचना, काय करू नये याची लांबलचक जंत्री आणि अधूनमधून ठळक अक्षरांत ‘अत्यंत महत्त्वाचे’ अशी ताकीद, असे तिचे आजचे स्वरूप आहे.

एवढे लिहूनही तीन गोष्टी पुन्हा पुन्हा घडतात. आमच्याकडे एपीआयच्या स्कीमावरून (दोन प्रोग्रामांमधल्या देवाणघेवाणीच्या औपचारिक वर्णनावरून) आपोआप तयार होणाऱ्या क्लायंट कोडचे एक फोल्डर आहे. त्याला हात लावू नये असे फाइलमध्ये स्पष्ट लिहिलेले असूनही सहाय्यक त्यातलीच एखादी फाइल दुरुस्त करतो. पुढे कोड नव्याने तयार झाला की ती दुरुस्ती पुसली जाते आणि गेलेला दोष परत येतो. दुसरे असे की, एकाच फंक्शनमध्ये बदल केला तरी तो सगळ्या टेस्ट चालवतो आणि त्यांचे भलेमोठे आउटपुट संभाषणात येऊन बसते. तिसरी गोष्ट रकमांची. ‘रकमांच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी’ असे आम्ही लिहिले आहे, तरी तो कधी दशांश संख्या वापरतो, कधी पूर्णांक.

माझे प्रश्न असे आहेत. अशा फाइलची योग्य लांबी किती असावी? तिच्यात नेमके काय ठेवावे आणि काय काढून टाकावे? आणि महत्त्वाच्या सूचनांवर जोर देण्यासाठी ठळक अक्षरे, ‘नेहमी’, ‘कदापि नाही’ असे शब्द यांचा खरोखर उपयोग होतो का? टीममधल्या सगळ्यांना पटेल असे काही निकष मिळाले, तर पुढे फाइल पुन्हा फुगणार नाही अशी आशा आहे.

पहिले उत्तर

लांबीकडे वळण्याआधी ही फाइल वाचली कशी जाते ते पाहणे बरे, कारण बाकीचे निर्णय त्यावरूनच ठरतात.

भाषा-मॉडेलला मागच्या सत्रातले स्वतःहून काहीही आठवत नाही. प्रत्येक नव्या सत्राच्या आरंभी कोडिंग साधन ही फाइल डिस्कवरून उचलते आणि तिचा मजकूर कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे मॉडेल त्या वेळी जो मजकूर समोर ठेवून काम करते त्यात, ठेवते. त्याच कॉन्टेक्स्टमध्ये नंतर आपली विनंती, उघडलेल्या फाइलींमधला कोड, शोधाचे निकाल आणि टेस्टचे आउटपुट यांची भर पडत जाते. सूचना-फाइल हा या सगळ्यांच्या शेजारी असलेला मजकूर आहे आणि मॉडेलचे लक्ष तिच्यात व बाकीच्या मजकुरात विभागले जाते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुचर्चित अभ्यासात असे दिसले होते की, लांब मजकुराच्या आरंभी किंवा शेवटी असलेल्या माहितीचा मॉडेल चांगला उपयोग करते, मधोमध असलेली माहिती मात्र त्याच्या हातून जास्त वेळा निसटते. नंतरची मॉडेल या बाबतीत पुष्कळ सुधारली आहेत. तरीही सूचनांची गर्दी झाली की प्रत्येक सूचनेचा प्रभाव कमी होतो, हे रोज ही साधने वापरणाऱ्या कोणालाही जाणवते. आपल्या फाइलमधला कमिट संदेशाचा नमुना रकमांच्या नियमाशी लक्षासाठी स्पर्धा करत आहे, आणि तेही ज्या कामात कमिट करायचेच नाही अशा कामात.

आकडाच हवा असेल तर क्लॉड कोड या कोडिंग सहाय्यकाच्या अधिकृत मार्गदर्शनात अशी फाइल २०० ओळींच्या आत ठेवावी असे सुचवले आहे, आणि कर्सर या दुसऱ्या सहाय्यकाच्या मार्गदर्शनात एकेक नियम ५०० ओळींच्या आत ठेवावा असे म्हटले आहे. पण माझ्या मते आकडा समोर ठेवून छाटणी करू नये, कारण मग लोक वाक्ये तोडून ओळी वाचवतात आणि मजकूर तेवढाच राहतो. त्याऐवजी प्रत्येक ओळीला दोन प्रश्न विचारावेत. ही गोष्ट कोड वाचून सहाय्यकाला स्वतःला कळू शकते का? आणि ती बहुतेक कामांत लागते का? पहिल्याचे उत्तर ‘हो’ असेल किंवा दुसऱ्याचे ‘नाही’ असेल, तर त्या ओळीची जागा या फाइलमध्ये नाही.

या कसोटीवर फोल्डरांची यादी लगेच गळते, कारण सहाय्यक ती एका कमांडने पाहू शकतो. शिवाय फोल्डर बदलले की यादी खोटी ठरते, आणि खोटी यादी नसलेल्या यादीपेक्षा घातक असते. प्रकल्पाचा इतिहासही जातो, पण सरसकट नाही. समजा, आपल्याकडे लॉगिनची दोन मॉड्यूल आहेत आणि त्यांतले जुने केवळ काही जुन्या क्लायंटसाठी जिवंत ठेवले आहे. कोडमध्ये दोन्ही सारखीच दिसतात, दोन्हींच्या टेस्ट चालतात, आणि नवा बदल कोणत्या मॉड्यूलमध्ये करावा हे कोड कितीही वाचला तरी कळत नाही. इतिहासातली ही एक ओळ फाइलमध्ये असलीच पाहिजे. जे ज्ञान टीममधल्या माणसांच्या डोक्यात आहे आणि कोडमध्ये कुठेही उमटलेले नाही, त्याच्यासाठी ही फाइल आहे असे मी मानतो.

आता शब्दयोजनेकडे येतो, कारण आपल्या तिसऱ्या तक्रारीचे मूळ तिथे आहे. ‘रकमांच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी’ या वाक्यातून करण्यासारखे काहीच हाती लागत नाही. सहाय्यकाने दशांश संख्या (फ्लोट) वापरून नीट राउंडिंग केले तरी त्याने काळजी घेतलीच आहे, आणि पूर्णांक वापरला तरी घेतलीच आहे. त्याऐवजी असे लिहून पाहावे: ‘रक्कम नेहमी चलनाच्या सर्वांत लहान एककात, पूर्णांक म्हणून साठवावी आणि पाठवावी. फ्लोट वापरू नये, कारण फ्लोटमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही. दाखवण्यासाठीचे रूपांतर फक्त मनी मॉड्यूलमधल्या फॉरमॅट फंक्शनने करावे.’ या तीन वाक्यांत काय करायचे, का करायचे आणि कुठल्या कोडच्या आधाराने करायचे हे तिन्ही आले. नियम पाळला गेला की नाही हे कोड पाहणारा कोणीही क्षणात सांगू शकतो, आणि ज्या नियमाची अशी तपासणी करता येत नाही तो मॉडेललाही पाळता येत नाही.

कारण देणे हा शब्दांचा अपव्यय वाटू शकतो, पण तसे नाही. फ्लोटची अडचण सांगितली की सवलतीच्या टक्केवारीचा गुणाकार किंवा करांची विभागणी अशा ठिकाणीही, ज्यांचा फाइलमध्ये उल्लेख नाही, मॉडेल तोच विचार लावते. नुसता आदेश दिला तर तो त्याच्या शब्दांपुरताच मर्यादित राहतो.

टेस्टबाबतही हेच. कमांड जशी टर्मिनलमध्ये टाइप करतो तशीच्या तशी लिहावी. प्रकल्प पायथनमध्ये असेल तर असे म्हणता येईल: ‘बदल केलेल्या भागाची टेस्ट फाइल आधी एकटी चालवावी, पायटेस्ट या कमांडपुढे त्या फाइलचा मार्ग आणि आउटपुट आटोपशीर ठेवणारा क्यू पर्याय द्यावा. सगळ्या टेस्ट एकदाच, काम पूर्ण झाल्याचे सांगण्याआधी चालवाव्यात.’ सहाय्यक सगळ्या टेस्ट चालवतो याचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते की, फाइलमध्ये फक्त तीच एक कमांड दिलेली असते.

मनाईच्या वाक्यांबद्दल एक गोष्ट. ‘या फोल्डरला हात लावू नये’ असे वाचल्यावर, ज्याला त्याच फोल्डरातल्या कोडमुळे आलेला दोष दूर करायचा आहे अशा सहाय्यकापुढे कोणताही मार्ग उरत नाही. काम पूर्ण करण्याची ओढ आणि मनाई यांच्यात मग काम पूर्ण करण्याची ओढ जिंकते. मनाईच्या जोडीला पर्याय दिला की हा पेच सुटतो: ‘या फोल्डरातला कोड स्कीमा फाइलवरून तयार होतो. बदल हवा असल्यास स्कीमा बदलून जनरेट कमांड चालवावी.’ हाच नियम मायग्रेशनला, म्हणजे डेटाबेसची रचना बदलणाऱ्या स्क्रिप्टलाही, लागू पडतो. ‘जुनी मायग्रेशन बदलू नये’ यापेक्षा ‘एकदा चालवलेली मायग्रेशन तशीच ठेवावी आणि बदलासाठी नवी मायग्रेशन तयार करावी’ हे वाक्य अधिक उपयोगी आहे.

जोर देण्याबद्दल: एखाद-दुसऱ्या सूचनेपुढे ‘महत्त्वाचे’ लिहिल्याने फरक पडतो. दर चार ओळींनी तोच शब्द आला की तो इतर शब्दांसारखा होऊन जातो.

दुसरे उत्तर

वरच्या उत्तरातल्या बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे, परंतु आपोआप तयार होणाऱ्या कोडच्या फोल्डरबाबत वाक्य सुधारून भागेल असे मला वाटत नाही. सूचना-फाइल कितीही उत्तम लिहिली तरी ती सल्ला देते. अडवण्याची ताकद तिच्यात नाही. जी गोष्ट शंभरातून एकदाही घडून चालणार नाही, ती वाक्यावर सोपवणे मला मान्य नाही. ती यंत्रणेवर सोपवावी.

क्लॉड कोडमध्ये यासाठी हूकची सोय आहे. फाइल लिहिण्याआधी चालणारा एक छोटा स्क्रिप्ट ठेवता येतो. तो ज्या फाइलमध्ये बदल होणार आहे तिचा मार्ग तपासतो आणि मार्ग त्या फोल्डरातला असेल तर २ हा एक्झिट कोड देऊन बाहेर पडतो. असे झाले की बदल होतच नाही, आणि स्क्रिप्टने एरर म्हणून छापलेला मजकूर मॉडेलकडे परत जातो. म्हणून त्या एरर संदेशात नुसते ‘परवानगी नाही’ असे न लिहिता ‘हा कोड स्कीमावरून तयार होतो, स्कीमा बदलून जनरेट कमांड चालवावी’ असे लिहावे. तीच सूचना, पण आता ती ज्या क्षणी हवी नेमकी त्या क्षणी मॉडेलसमोर येते, आणि ज्या सत्रात त्या फोल्डरचा संबंध नाही तिथे तिचा भार पडत नाही. पहिल्या उत्तरात लक्षाच्या स्पर्धेचा जो मुद्दा आला आहे त्यावर याहून चांगला उपाय मला दिसत नाही.

ज्या साधनांत हूक नाहीत त्यांच्यासाठी, आणि माणसांसाठीही, सीआयमध्ये (कोड जमा झाल्यावर आपोआप चालणाऱ्या तपासण्यांमध्ये) एक तपासणी ठेवावी: जनरेट कमांड पुन्हा चालवावी आणि नंतर गिट डिफ ही कमांड ‘एक्झिट-कोड’ पर्यायासह चालवावी. कोणी हाताने बदल केला असेल तर फरक दिसतो आणि बिल्ड थांबतो. केवळ गिटच्या प्री-कमिट हूकवर (कमिटआधी चालणाऱ्या स्क्रिप्टवर) विसंबू नये, कारण ‘नो-व्हेरिफाय’ पर्याय देऊन तो ओलांडता येतो आणि सहाय्यकालाही हा पर्याय माहीत असतो.

शैलीच्या नियमांचेही तेच. स्वल्पविरामानंतर जागा, ओळीची लांबी, इम्पोर्टचा क्रम हे सगळे प्रेटिअर, ब्लॅक, रफ यांसारख्या साधनांचे, म्हणजे कोडची मांडणी नीट करणाऱ्या फॉरमॅटरचे आणि नियमभंग शोधणाऱ्या लिंटरचे, काम आहे. ती ते क्षणार्धात आणि दर वेळी सारखेच करतात. फाइलमध्ये ‘बदलानंतर फॉरमॅटर आणि लिंटर चालवावेत’ एवढी एक ओळ आणि त्यांची कमांड पुरेशी आहे. आपल्या फाइलमधल्या नावांच्या नियमांपैकी जेवढे लिंटरमध्ये बसतात तेवढे तिकडे हलवल्यास बराचसा भार हलका होईल असा माझा अंदाज आहे.

सुरक्षिततेचा एक मुद्दा सहसा चर्चेत येत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. ही फाइल रेपॉझिटरीत असते, म्हणून पासवर्ड, एपीआय की किंवा अंतर्गत सर्व्हरचे पत्ते तिच्यात लिहू नयेत, हे उघड आहे. कमी उघड गोष्ट अशी की, ही फाइल म्हणजे सहाय्यकाला दिलेले आदेश असल्यामुळे तिच्यात बदल करणारा माणूस प्रत्येक सहकाऱ्याच्या सहाय्यकाचे वागणे बदलू शकतो. मार्च २०२५ मध्ये सुरक्षा-संशोधकांनी अशा नियम-फाइलींमध्ये डोळ्यांना न दिसणारी युनिकोड अक्षरे वापरून छुपे आदेश पेरता येतात हे दाखवून दिले होते. म्हणून या फाइलमधला प्रत्येक बदल कोडइतक्याच काटेकोरपणे रिव्ह्यू करावा, आणि बाहेरून घेतलेल्या तयार नियम-फाइली जशाच्या तशा चिकटवू नयेत.

प्रश्नकर्त्याचे पुढचे विचारणे

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. हूकचा मार्ग आम्ही नक्की अवलंबू. दोन गोष्टी मात्र अजून स्पष्ट झालेल्या नाहीत. टीममध्ये सगळे एकच सहाय्यक वापरत नाहीत. कोणी कर्सर वापरतो, कोणी कोपायलट, कोणी क्लॉड कोड, आणि प्रत्येकाची फाइल वेगळी असल्यामुळे तोच मजकूर तीन ठिकाणी ठेवावा लागतो आणि त्यांच्यात तफावत पडते. शिवाय आमच्या रेपॉझिटरीत सर्व्हर, वेबसाइट आणि मोबाइल अॅप हे तिन्ही एकत्र आहेत, आणि एकाचे नियम दुसऱ्याला लागू होत नाहीत. यासाठी फाइलींची रचना कशी करावी? तसेच काही साधने रेपॉझिटरी वाचून अशी फाइल आपोआप तयार करून देतात. छाटणी करत बसण्यापेक्षा तीच नव्याने तयार करून घेतली तर चालेल का?

तिसरे उत्तर

सामाईक मजकुरासाठी एजंट्स.एमडी ही फाइल मुख्य धरावी. २०२५ मध्ये हे नाव एक खुला संकेत म्हणून पुढे आले, आणि कोडेक्स, कर्सर, कोपायलट यांच्यासह अनेक साधने ती फाइल वाचतात. तिचे वेगळे व्याकरण नाही, ती साधी मार्कडाउन फाइल आहे, हाच तिचा मोठा गुण. क्लॉड कोड स्वतःची क्लॉड.एमडी ही फाइल वाचतो. तिच्यात मजकूर पुन्हा न लिहिता @ हे चिन्ह आणि त्याला जोडून एजंट्स.एमडीचे नाव अशी एक ओळ लिहिली की ती फाइल त्यात ओढून घेतली जाते, आणि त्याखाली फक्त त्या साधनापुरत्या दोन-चार ओळी ठेवता येतात. असे केले की मूळ मजकूर एकाच जागी राहतो आणि तफावतीचा प्रश्नच उरत नाही.

एकत्र रेपॉझिटरीसाठी फाइलींची उतरंड करावी. मुळाशी असलेल्या फाइलमध्ये तिन्ही भागांना लागू होणारे तेवढेच ठेवावे: कोणता भाग कुठे आहे हे तीन ओळींत, सामाईक कमांड, आणि रकमांसारखे सर्वत्र पाळायचे नियम. सर्व्हरच्या फोल्डरात सर्व्हरची, अॅपच्या फोल्डरात अॅपची स्वतंत्र फाइल ठेवावी. एजंट्स.एमडीच्या संकेतानुसार ज्या फाइलमध्ये बदल चालू आहे तिला सर्वांत जवळची सूचना-फाइल वरचढ ठरते. क्लॉड कोड उपफोल्डरातली फाइल आरंभीच न वाचता त्या फोल्डरातल्या फाइलींपर्यंत पोहोचल्यावर वाचतो, त्यामुळे वेबसाइटवर काम करताना मायग्रेशनचे नियम मध्ये येत नाहीत. कर्सरच्या नियम-फाइलींना आणि कोपायलटच्या ‘इन्स्ट्रक्शन्स’ फाइलींना कोणत्या मार्गांवरच्या फाइलींसाठी तो नियम लागू आहे हे वरच्या भागात नमुन्याने सांगता येते. एखादा नियम फक्त टेस्ट फाइलींपुरता असेल तर ही सोय फार कामाची आहे.

एक सावधगिरी बाळगावी. वरच्या आणि खालच्या फाइलमध्ये परस्परविरोधी सूचना ठेवू नयेत. ‘जवळची वरचढ’ हा संकेत असला तरी अनेक साधनांमध्ये दोन्ही फाइलींचा मजकूर एकाच वेळी मॉडेलसमोर असतो, आणि विसंगत सूचना दिसल्या की ते कधी ही निवडते, कधी ती. आपल्याकडे रकमांच्या बाबतीत जे दिसते आहे त्यात असा एखादा विरोध दडलेला नाही ना, हे एकदा तपासून पाहावे. मुळाशी ‘पूर्णांक’ आणि वेबसाइटच्या फाइलमध्ये ‘दोन दशांश स्थाने’ असे लिहिलेले असणे अगदी शक्य आहे.

लांबीविषयी एक तांत्रिक मर्यादाही लक्षात ठेवण्यासारखी आहे. कोडेक्स हे साधन या सगळ्या फाइलींचा एकत्रित मजकूर मूळ सेटिंगनुसार ३२ किलोबाइटपर्यंतच घेतो. इंग्रजी मजकुराला ही मर्यादा प्रशस्त आहे, पण सूचना देवनागरीत लिहिल्या असतील तर यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणून ती बरीच आधी गाठली जाते.

आपोआप तयार होणाऱ्या फाइलबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. साधन ती फाइल रेपॉझिटरी वाचूनच लिहिते. याचा अर्थ तिच्यात जे येते ते बहुतांशी कोडमधून कळणारेच असते: फोल्डरांची यादी, वापरलेल्या लायब्ररींची नावे, पॅकेज फाइलमधल्या कमांड. पहिल्या उत्तरातल्या कसोटीवर यातले फारसे काही टिकत नाही. जे टिकले असते, म्हणजे दोनपैकी कोणते लॉगिन मॉड्यूल चालू आहे यासारखे ज्ञान, ते त्या साधनाला ठाऊक असण्याचे कारण नाही. कोरी फाइल समोर असताना कमांडची यादी मिळवण्यापुरता तिचा उपयोग करावा, आणि त्यानंतर निर्दयपणे छाटणी करावी.

चौथे उत्तर

वरच्या तिन्ही उत्तरांत फाइलचा विचार झाला आहे. मला कोडविषयी बोलायचे आहे. सूचना-फाइल आणि आजूबाजूचा कोड यांच्यात विरोध असेल तर मॉडेल पुष्कळदा कोडचे अनुकरण करते. फाइलमध्ये एका वाक्यात ‘पूर्णांक वापरावा’ असे लिहिलेले असते, आणि ज्या फाइलमध्ये काम चालू आहे तिच्यात मात्र जुन्या काळातली वीस फंक्शन फ्लोट घेत असतात. मॉडेलपुढे एका बाजूला एक वाक्य आणि दुसऱ्या बाजूला वीस उदाहरणे असतात, आणि तीही अगदी जवळची. अशा वेळी नियम अधिक ठळक करून काही साधत नाही. शक्य असेल तर जुना कोड आधी सुधारावा. लगेच शक्य नसेल तर फाइलमध्ये विरोधाचा उल्लेख करूनच लिहावे: ‘बिलिंग फोल्डरातला जुना कोड फ्लोट वापरतो, तो नमुना म्हणून घेऊ नये. नव्या कोडसाठी रिफंड मॉड्यूल पाहावे.’ आदर्श म्हणून एखाद्या खऱ्या फाइलकडे बोट दाखवणे हे नियमांच्या पानभर वर्णनापेक्षा अधिक परिणामकारक असते, कारण मॉडेल ती फाइल उघडून तिच्यातली रचना, नावे आणि टेस्टची पद्धत एकत्रच उचलते.

फाइल पुन्हा फुगू नये याचा निकष विचारला होता. एखादी चूक एकदा घडली म्हणून लगेच ओळ जोडू नये. तीच चूक वेगळ्या सत्रात पुन्हा दिसली की जोडावी, आणि जोडताना पडताळणी करावी: नव्या सत्रात तेच काम आधी त्या ओळीविना आणि मग त्या ओळीसह द्यावे. दोन्ही वेळी निकाल सारखाच आला तर ती ओळ निरुपयोगी आहे, ती कितीही शहाणपणाची वाटली तरी. उलट दिशेनेही हे करता येते. मॉडेलची नवी आवृत्ती आली की काही ओळी काढून पाहाव्यात, कारण जुन्या मॉडेलच्या सवयी आवरण्यासाठी लिहिलेल्या सूचना नव्या मॉडेलला बहुधा नकोच असतात. पडताळणी नव्या सत्रातच करावी हे महत्त्वाचे आहे. चालू संभाषणात तोंडी दिलेली दुरुस्ती मॉडेल पाळत असते आणि श्रेय फाइलला जाते. संभाषण लांबले आणि साधनाने त्याचा सारांश केला की ती तोंडी दुरुस्ती गळून जाऊ शकते. जी सूचना संभाषणात वारंवार द्यावी लागते, तिला फाइलमध्ये जागा द्यावी.

आपल्या फाइलपुरते बोलायचे झाले तर मी या क्रमाने काम करेन. आधी तयार कोडच्या फोल्डरसाठी हूक आणि सीआयची तपासणी, कारण तिथे प्रत्यक्ष नुकसान होत आहे. मग शैलीचे नियम लिंटरकडे. त्यानंतर फोल्डरांची यादी आणि इतिहास काढून टाकून उरलेल्या मजकुराचे मूळ फाइल व तीन उपफाइली असे विभाजन. कमिट संदेशांचे नमुने गिटच्या कमिट-टेम्प्लेटमध्ये हलवावेत आणि फाइलमध्ये त्या टेम्प्लेटचा मार्ग द्यावा. रकमांचा नियम शेवटी लिहावा, बिलिंग फोल्डरातला विरोध शोधून झाल्यावर, म्हणजे त्यात नेमके कोणत्या मॉड्यूलकडे बोट दाखवायचे ते माहीत असेल.